पेंडेतलं विष दुधात कसं उतरतं

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचं सुपा बाहेरच्यांना एमआयडीसीमुळे ठाऊक आहे. पण पारनेर तालुक्याच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात अनेक घरांचा खर्च आजही दुधाच्या पगारावर चालतो. पाऊस कमी, म्हणून घरचा चारा पुरत नाही. मग सरकी पेंड, मक्याचा भरडा, भुसा, मुरघास विकत आणायचा. संकलन केंद्रावर दूध ओतलं की यंत्र फॅट आणि एसएनएफ दाखवतं आणि त्यावर भाव ठरतो. त्या यंत्राला एक गोष्ट मात्र दिसत नाही. ती म्हणजे अफ्लाटॉक्सिन, बुरशीनं बनवलेलं विष.

बुरशी आणि तिचं विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ तिथेच होतो. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळसर-हिरवी बुरशी दाण्यावर वाढते आणि विष दाण्यात सोडते. दाणे उन्हात टाकले, चाळले, पुसले की बुरशी दिसेनाशी होते, विष आत राहतं. त्याला वास नाही, चव नाही. स्वयंपाकाच्या आचेनं ते फारसं कमी होत नाही. दुधात उतरलेलं विषही उकळून जात नाही. ते दुधातल्या केसीन या प्रथिनाला धरून राहतं, म्हणून त्याच दुधाचं पनीर केलं तर किलोमागे त्याचं प्रमाण आणखी वाढतं.

हे विष ओळखलं गेलं ते जनावरांमुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तेव्हा माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडेपर्यंत पोहोचला. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन काविळीची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. तो मका खाणारी गावातली कुत्रीही मेली होती. एवढ्या मोठ्या मात्रेनं यकृत थेट निकामी होतं. थोडी थोडी मात्रा वर्षानुवर्षं पोटात जात राहिली तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणूनच लहान मुलांच्या दुधाची काळजी जास्त.

पारनेरसारख्या भागाला याची धास्ती का असावी? कारण ही बुरशी फक्त ओलीची नाही, दुष्काळाचीही आहे. दाणा भरताना ताण बसला, उष्णता वाढली, किडीनं कणीस पोखरलं की ती शेतातच आत शिरते. पुढे काढणीच्या वेळी अवकाळी आला आणि माल ओलाच पोत्यात भरला, की २५ ते ३५ अंशांच्या उबेत ती विष करू लागते. कोरडा ऑगस्ट-सप्टेंबर आणि भिजलेला ऑक्टोबर, असं वर्ष सगळ्यात वाईट.

आता गाईच्या पोटातला हिशोब बघू. गाईनं खाल्लेल्या बी-१ प्रकारच्या अफ्लाटॉक्सिनचा साधारण एक-दोन टक्के भाग एम-१ होऊन दुधात येतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईत तो सहा टक्क्यांपर्यंतही जातो. समजा, संकरित गाय दिवसाला ६ किलो खुराक खाते आणि त्यात किलोला ५० मायक्रोग्रॅम बी-१ आहे. म्हणजे पोटात गेले ३००. त्याचे दोन टक्के ६ मायक्रोग्रॅम. गाय १२ लिटर दूध देत असेल तर लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं एम-१ साठी घालून दिलेली मर्यादा बरोबर एवढीच आहे, किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. युरोपात ती याच्या दहावा हिस्सा आहे. खुराकात भारतीय मानकाच्या मर्यादेइतकंच, म्हणजे किलोला २० मायक्रोग्रॅम असतं, तर दूध ०.२ वर राहिलं असतं. प्राधिकरणानं २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुने एम-१ ची मर्यादा ओलांडणारे निघाले. भेसळीची ओरड आपल्याकडे पुष्कळ होते. हे विष कुणी मिसळत नाही, ते गव्हाणीतून येतं, आणि म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं.

तपासणीतली सगळ्यात अवघड पायरी प्रयोगशाळेत नसते, ती पोत्यापाशी असते. १० टन मक्यात किलोला २० मायक्रोग्रॅम म्हणजे सगळं मिळून ०.२ ग्रॅम विष. तेही सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ आणि एखादाच दाणा विषानं भरलेला. एका पोत्यातली वरची मूठ तपासायला दिली तर अहवाल बहुतेक वेळा चांगलाच येणार. म्हणून बऱ्याच पोत्यांतून, वरून, मधून, तळातून पोकळ सळईनं थोडे थोडे दाणे काढायचे, काही किलोंचा ढीग करायचा, तो सगळा दळायचा, नीट कालवायचा आणि मगच त्यातला चमचाभर नमुना घ्यायचा. दळण्याआधी नमुना लहान केला तर पुढचं महागडं यंत्रही काही करू शकत नाही.

त्यानंतरची सोपी चाचणी पट्टीची. दळलेलं पीठ मिथेनॉल-पाण्यात हलवून विष द्रावणात उतरवतात, द्रावण गाळून पातळ करतात आणि त्यात पट्टी बुडवतात. पाच-दहा मिनिटांत रेघा उमटतात. इथे नवखा माणूस हमखास फसतो. या पट्टीवर तपासणीची रेघ गडद उमटली तर माल चांगला; विष जितकं जास्त तितकी ती रेघ फिकी. दुसरी रेघ पट्टी नीट चालली की नाही एवढंच सांगते. एलायझा चाचणीतही रंग असाच उलटा चालतो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं ती स्वस्तात करण्याची पद्धत बसवली. नेमका आकडा हवा असेल तर एचपीएलसी यंत्र. अतिनील प्रकाशात बी गटाचं विष निळं आणि जी गटाचं हिरवं चमकतं, त्यावरूनच त्यांना ही अक्षरं मिळाली.

पण गोठ्यावर प्रयोगशाळा नसते, म्हणून खरा बंदोबस्त सुकवणीत आहे. मका १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत, भुईमुगाची शेंग ८-९ टक्क्यांपर्यंत वाळली पाहिजे. ओलावा बघायची घरगुती युक्ती मला फार आवडते. कोरड्या काचेच्या बाटलीत भाजून कोरडं केलेलं दोन-तीन चमचे मीठ घ्यायचं, बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल इतका मका टाकायचा, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवायचं आणि पाव तास ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांवर आहे, पोती भरू नयेत. मीठ सुटं राहिलं तरी अजून एखादं ऊन दिलेलं बरं. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचावीत. पेंड महिन्याभरात संपेल एवढीच आणावी. आंबोण भिजवलं की त्याच वेळेला संपवावं. टबात राहिलेलं सकाळच्यात मिसळू नये.

मुरघासाचं गणित हवेवर चालतं. कुट्टी घट्ट दाबलेली आणि बॅग बंद असेल तर आतल्या आंबटपणात बुरशीला जागा मिळत नाही. उंदरानं भोक पाडलं किंवा तोंड उघडून रोज हातभर खणत बसलं की हवा शिरते. रोज पूर्ण तोंडाचा एक थर काढावा, आणि बुरशीचा गोळा दिसला तर त्याच्या आजूबाजूचाही मुरघास टाकून द्यावा.

बाजारात टॉक्सिन बाइंडर मिळतात. त्यांतली बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवते, हे खरं. फ्युमोनिसिनसारख्या इतर बुरशीविषांवर तिचा तेवढा उपयोग होत नाही, आणि बाइंडर आहे म्हणून काळी पडलेली पेंड घालायची हा व्यवहार चुकीचाच. माणसाला नको ते जनावराला, ही सवय दुभत्या गाईच्या बाबतीत तरी मोडायला हवी.

दुधात एम-१ सापडलंच तर संशयित खुराक त्याच दिवशी बंद करावा. विष खाल्ल्यावर दिवसभरातच दुधात दिसू लागतं, तसंच खाणं थांबल्यावर साधारण तीन-चार दिवसांत उतरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा नमुना द्यावा. आकडा खाली आला तर दोष त्या पेंडेचा; नाही आला तर मका आणि मुरघासही तपासून घ्यावा.