पर्ल स्क्रिप्ट रेंगाळते? नवा कॉम्प्युटर घेण्याआधी वेळ मोजा

कॅटलॉगचे फोटो लहान करणारी पर्लची स्क्रिप्ट व्हिडिओत दाखवली होती. ती वापरणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: "सर, 300 फोटोंना इतका वेळ? नवा कॉम्प्युटर घेऊ का?" थांबा. खिशात हात घालण्याआधी वेळ मोजा.

स्क्रिप्ट स्वतः फोटो लहान करत नाही. ती इमेजमॅजिक या प्रोग्रामला हाक मारते, प्रत्येक फोटोमागे एकदा. म्हणजे आंबिवलीच्या दुकानातून पोऱ्याला एकेका वस्तूसाठी कल्याण मार्केटला पाठवण्यासारखं. खरेदी दोन मिनिटांची, पण लोकलने जाणं-येणं दर वेळी नव्याने.

मग वेळ प्रवासात जातो की खरेदीत? पर्लसोबतच येणारं टाइम-हायरेझ मॉड्यूल घ्या, हाकेच्या आधी आणि नंतर वेळ नोंदवा, फरक छापा. (साधं टाइम फंक्शन पूर्ण सेकंदच सांगतं, इथे कामाचं नाही.) आता फोटो न देता त्याच प्रोग्रामला फक्त त्याची आवृत्ती विचारा, तीही 300 वेळा. एका हाकेला अर्धा सेकंद लागला, तर एकही फोटो न होता अडीच मिनिटं गेली. हा नुसता प्रवास! विंडोजवर अँटिव्हायरस दर वेळी प्रोग्राम तपासत बसला की हा आकडा आणखी फुगतो. यावर उपाय म्हणजे सगळे फोटो एकाच हाकेत द्यायचे. इमेजमॅजिकमधलं मोग्रिफाय हे करतं. फक्त ते मूळ फाइलवरच लिहितं, म्हणून आधी फोटोंची कॉपी काढून ठेवा. हे विसरू नका हं.

आवृत्ती झटकन आली, तर वेळ कामात तरी जातोय किंवा वाट पाहण्यात. लिनक्सवर एकाच फोटोची कमांड पुढे 'टाइम' लावून चालवा. रिअल, युजर, सिस असे तीन आकडे येतील. युजर रिअलच्या जवळपास असेल तर प्रोसेसर खरंच राबतोय, तेव्हा मशीनचा विचार करा. पण रिअल 8 सेकंद आणि बाकी दोन्ही मिळून अर्धा सेकंद असेल, तर प्रोग्राम कशासाठी तरी ताटकळलाय. फोटो नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आहेत का? ते आपल्या डिस्कवर आणून पुन्हा मोजा.

अजून एक. अख्खी कमांड एकाच ओळीत दिली आणि त्यात स्टारसारखं चिन्ह असलं, की पर्ल आधी शेल उठवतं आणि शेल मग प्रोग्राम चालवतो. 'सिस्टिम'ला शब्द वेगवेगळे, यादी करून द्या, मधला दलाल जातो. वेळ थोडाच वाचतो, पण नावात स्पेस असलेली फाइलही अडत नाही.