पट्टीखालचं पातं: वॉटर स्कीच्या फिनचं गणित

वैनगंगेत डोंगा चालवणारा मागच्या टोकाला वल्हं पाण्यात उभं धरतो. वल्हं खोल असलं की डोंगा दिशा धरतो. वर उचललं की मागचं टोक घसरतं. आजचा विषय आहे स्लॅलम वॉटर स्की, आणि तिथेही पाण्याचा नियम हाच.

स्लॅलममध्ये दोन्ही पाय एकाच पट्टीवर, एकामागे एक. बोट मधून सरळ जाते. पुरुषांसाठी कमाल वेग ताशी 58 किलोमीटर. खेळाडूने दोरी धरून डावी-उजवीकडचे सहा बोये बाहेरून वळसा घालून पार करायचे. प्रत्येक बोया मध्यरेषेपासून 11.5 मीटरवर. दोरी 18.25 मीटरपासून टप्प्याटप्प्याने आखूड होते. ती 11.25 मीटरवर आली की बोयापर्यंत पोहोचतच नाही; उरलेलं अंतर शरीर झोकून भरायचं!

आता पट्टी उलटी करून बघा. शेपटाजवळ धातूचं उभं पातं दिसेल, तो फिन. तो साधारण सहा सेंटिमीटर बाहेर असतो. जास्त बाहेर काढला तर शेपूट पाण्यात घट्ट धरून राहतं, पण वळायला आळस करतं. कमी केला तर पट्टी चटकन वळते. फारच कमी केला तर ऐन वळणात शेपूट निसटतं आणि खेळाडू आपटतो. पुढे-मागे सरकवूनही वळणाचा स्वभाव बदलतो. हे बदल मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याचे, किंवा त्याहूनही कमी असतात. म्हणून कॅलिपरने मोजतात.

फिनवर आडवा छोटा पंख असतो, त्याला विंग म्हणतात. त्याचा कोन बहुधा सात ते नऊ अंश. कोन वाढवला की पाण्याचा अडथळा वाढतो, बोयाआधी वेग लवकर उतरतो. पण तोच अडथळा पुढे वेग घेतानाही थोडा आडवा येतो. फुकट काही मिळत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? कंपनीने दिलेली मापं लावा, लिहून ठेवा. एका वेळी एकच बदल करा, काही फेऱ्या मारा, मगच ठरवा. दोन बदल एकदम केले तर फायदा कशाचा, तोटा कशाचा, कळणार नाही. आणि उभं राहण्याची पद्धत चुकत असेल, तर ती पाना फिरवून सुधारत नाही.

पवनीजवळ गोसीखुर्दचा एवढा मोठा जलाशय पाहून कुणाला हा खेळ शिकावासा वाटेल. जरूर शिका, पण बुडीत क्षेत्रात पाण्याखाली खोडं, जुनी बांधकामं असू शकतात. तपासलेली मोकळी पट्टी, लाइफ जॅकेट आणि बोटीत मागे लक्ष ठेवणारा माणूस हे आधी. फिनचं माप त्यानंतर.