अभियंत्याची अपेक्षा आणि कोकण रेल्वे

अभियंता नोकरीकडून काय अपेक्षितो, या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही. नुकतीच पदवी हाती पडलेला तरुण, चाळिशीतील संसारी अधिकारी आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरील ज्येष्ठ यांच्या मागण्या भिन्न असतात. रत्नागिरी जिल्ह्यात १९९० नंतर उभ्या राहिलेल्या कोकण रेल्वेच्या कामात या तिन्ही मागण्या एकत्र आल्या होत्या.

श्री. ई. श्रीधरन हे जून १९९० मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, रेल्वे मंडळातून सेवानिवृत्त झाले आणि जुलैत स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाची धुरा त्यांच्याकडे आली. पदोन्नतीची पायरी आता उरली नव्हती. या वयातील अभियंत्यास हवा असतो तो निर्णयाचा अधिकार. श्रीधरन यांनी तो स्वतःपुरता राखला नाही. रोहा ते मंगळूर या मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येकी सुमारे शंभर किलोमीटरचे काम एकेका मुख्य अभियंत्याकडे सोपविण्यात आले. रत्नागिरी उत्तर व रत्नागिरी दक्षिण हे त्यांपैकी दोन विभाग होत.

अनेक अनुभवी अधिकारी भारतीय रेल्वेतून प्रतिनियुक्तीवर आले. मुलांचे शिक्षण, वृद्ध मातापितर, निवृत्तिवेतन यांची चिंता मध्यम वयातच अधिक भेडसावते. मूळ खात्यातील हक्क अबाधित ठेवून मोठे काम करण्याची संधी प्रतिनियुक्तीने मिळते, हे तिचे खरे आकर्षण. वेतनातील थोडीबहुत वाढ त्यामानाने गौणच म्हणावी लागेल.

तरुणाची भूक मात्र शिकण्याची असते. करबुडे येथील साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीनजीकचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल ही जणू त्याच्यासाठी उघडलेली पाठशाळाच होती. पानवल येथे पुलाचा तुळईभाग एका टोकास टप्प्याटप्प्याने ओतून जॅकच्या साहाय्याने खांबांवरून पुढे सरकविण्यात आला. भारतात ही पद्धत तेव्हा नवी होती. असे काम पुस्तकातून कळत नाही; उन्हातान्हात उभे राहूनच ते समजते.

२६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला आणि खरा पेच तेथून सुरू झाला. बांधणाऱ्याच्या वाट्याला उद्घाटन येते; राखणाऱ्याच्या वाट्याला पावसाळा. काहींना पुढे काश्मीरमधील रेल्वेमार्गाचे काम लाभले, ज्यावरील चिनाब पुलाचे उद्घाटन जून २०२५ मध्ये झाले. परंतु रत्नागिरीच्या डोंगरकापांत दरड कोसळण्याचे भय दरवर्षी असतेच. जून २००३ मध्ये वैभववाडीनजीक दरडीमुळे झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. त्यानंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे ही कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. पावसाळ्यात गाड्या निराळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात. पानवल पुलावर वायुवेगमापक बसविलेला आहे. रात्रीची गस्त नीट पार पडली म्हणजे वर्तमानपत्रात काहीच छापून येत नाही, आणि या कामावरील अभियंत्याची पदोन्नती ठरविताना नेमके हेच 'काहीच न घडणे' मोजावे लागते.