पीएसएचा आकडा कसा वाचावा?



उसाच्या पानावर रक्ततपासणीचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु लागणीच्या नोंदीसाठी हिंगणी भागात फिरताना एका सभासदाने खिशातून कागद काढला. "साहेब, पीएसए सहाच्या वर आला. कॅन्सर झाला म्हणायचा का जी?"

तसे नव्हे. पीएसए हे मूत्राशयाखालील प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. त्यातले थोडे रक्तात उतरते. चारच्या आत असावे, असा जुना संकेत आहे. पण वयोमानाने ग्रंथी वाढली, लघवीत जंतू झाले, नळी घातली, तरी आकडा चढतो. चार ते दहाच्या दरम्यान आकडा असलेल्यांचा तुकडा काढून तपासला, तर साधारण चारांत एकालाच कॅन्सर निघतो. उलट, चारच्या आत असूनही काहींना तो असतो.

आपण एका उसाचा ब्रिक्स पाहून फडाला तोड देतो काय? शेंडा पाहतो, बुडखा पाहतो, काही दिवसांनी पुन्हा पाहतो. इथेही तेच. जंतू असतील तर औषध घेऊन काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे. आकडा चढाच राहिला तर डॉक्टर एमआरआय, बायप्सी सुचवितात. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल व शरीरसंबंध टाळावा. फिनास्टराइडची गोळी चालू असेल तर जरूर सांगावे. तिने आकडा निम्म्यावर येतो अन् खोटा दिलासा मिळतो.

मग सगळ्यांनीच तपासणी करावी का? युरोपातील मोठ्या पाहणीचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ साली आले. तपासणीस बोलाविलेल्या दर ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. फायदा आहे, पण थोडा. पुष्कळ गाठी इतक्या सावकाश वाढतात की जन्मभर त्रास देत नाहीत; शस्त्रक्रियेने मात्र लघवी न थांबणे, पुरुषत्व जाणे हे भोग मागे लागू शकतात. म्हणून ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवावे, सत्तरीनंतर सरसकट करू नये. वडिलांना वा भावाला हा रोग झाला असेल तर मात्र चाळिशी-पंचेचाळिशीतच विचारावे.

हे सारे त्रास नसलेल्यांसाठी. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला उठतो म्हणून लघवीलाही उठतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात! धार अडते, लघवीतून रक्त जाते, कंबरेचे हाड सतत ठणकते, त्यांनी तोडणी संपायची वाट पाहू नये. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे. जाताना जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.