रुग्णाची मज्जापेशी आणि तिचे वय

जिवंत मनुष्याच्या मज्जारज्जूतील पेशी काढून तपासणे शक्य नसते. त्यामुळे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (ए. एल. एस.) या व्याधीत स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी का मरतात, याचा शोध दीर्घकाळ शवविच्छेदनातूनच घ्यावा लागे. तेथे हाती येते ते व्याधीचे अखेरचे रूप, प्रारंभ नव्हे.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली मानवाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांना भ्रूणावस्थेतील मूलपेशींचे गुणधर्म प्राप्त करून दिले. लगेच २००८ साली हार्वर्ड व कोलंबिया येथील संशोधकांनी ए. एल. एस. झालेल्या एका ८२ वर्षांच्या स्त्रीच्या त्वचेपासून अशा मूलपेशी, व त्यांपासून चालक मज्जापेशी सिद्ध केल्या.

तथापि या पेशींची तुलना कशाशी करावयाची? दोन व्यक्तींच्या पेशींत व्याधीवाचूनही असंख्य भेद असतात. यावर योजलेला उपाय मोठा मार्मिक आहे: रुग्णाच्याच मूलपेशींतील सदोष जनुक दुरुस्त करावयाचे आणि दुरुस्त व अदुरुस्त पेशी शेजारी शेजारी वाढवावयाच्या. २०१४ साली बोस्टन येथे याच पद्धतीने असे आढळले, की एस. ओ. डी. १ हे जनुक सदोष असलेल्या चालक पेशी प्रमाणाबाहेर उत्तेजित होतात. त्यांच्यातील पोटॅशियमचा विद्युत्प्रवाह क्षीण असतो. जनुक दुरुस्त करताच ही उत्तेजना ओसरते. अन्य जनुकांत दोष असलेल्या रुग्णांच्या पेशींतही ही अतिउत्तेजना दिसली. रेटिगॅबिन या अपस्मारावरील औषधाने ती शमली आणि पेशी अधिक काळ जगल्या. पुढे ६५ रुग्णांवर दहा आठवडे झालेल्या चाचणीत या औषधाने चालक पेशींची उत्तेजनशीलता घटल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. व्याधीची गती मंदावते की नाही, हे ठरविण्यास मात्र इतका अल्प काळ पुरेसा नव्हता.

या पद्धतीतील खरी उणीव निराळीच आहे. त्वचेची पेशी मूलपेशी होताना तिच्या वयाच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. म्हणजे ८२ वर्षांच्या स्त्रीपासून मिळालेली मज्जापेशी वस्तुतः भ्रूणाच्या मज्जापेशीसारखी असते. आणि व्याधी तर उतारवयाची! म्हणून काही संशोधक मूलपेशीचा टप्पा गाळून त्वचेच्या पेशीचे थेट मज्जापेशीत रूपांतर करतात. अशा पेशींत वयाच्या खुणा टिकतात, असे २०१५ साली दाखविण्यात आले. परंतु मज्जापेशी विभागत नसल्याने त्यांचा पुरवठा मूलपेशींप्रमाणे हवा तितका वाढविता येत नाही. प्रत्येक प्रयोगासाठी पुन्हा त्वचेच्या पेशींपासूनच आरंभ करावा लागतो.