आंबिलीचं माप

घरी वॉटर केफिर करणाऱ्यांचं माप ठरलेलं असतं. एक लिटर पाणी, 60 ग्रॅमच्या आसपास साखर आणि जवळपास तेवढेच केफिरचे दाणे. बीडकडे आंबवून प्यायचं जुनं पेय म्हणजे ज्वारीची आंबील, आणि तिचं माप आजीच्या हातात असतं. त्यामुळे नव्याने करणाऱ्याची आंबील एक दिवस खळीसारखी होते, तर दुसऱ्या दिवशी दात आंबवते.

चार जणांसाठी अर्धी वाटी ज्वारीचं पीठ घ्या, म्हणजे साधारण 50 ग्रॅम. पीठ ताजं दळलेलं हवं. जुन्या पिठाचा कडवटपणा आंबवल्यानेही जात नाही. त्यात एक वाटी पाणी आणि चमचाभर आंबट ताक घालून गुठळ्या मोडा आणि झाकून ठेवा. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असावं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येत असेल, तर ते उकळून गार करून घ्या, कारण जंतू मारायला घातलेलं क्लोरीन आपल्याला हवे असलेले जीवाणूही मारतं.

आंबिलीत सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. आंबटपणा कमी पडला की लोक पीठ वाढवतात. पिठाने आंबील फक्त घट्ट होते. केफिरमध्ये साखर आयती मिळते. इथे ज्वारीतली विकरं पिठातल्या थोड्या स्टार्चची साखर करतात, आणि ती खाऊन जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. हे काम किती होईल, ते ऊब, वेळ आणि विरजणावर ठरतं. म्हणून पीठ-पाण्याचं माप बारा महिने तेच ठेवा आणि ऋतूप्रमाणे बाकीचं बदला. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, रात्री नऊला भिजवलेलं पीठ पहाटेपर्यंत तयार होतं, चमचाभर ताकही पुरतं. डिसेंबरात कोमट पाणी घ्या, ताक दोन-तीन चमचे करा आणि भांडं चुलीजवळ ठेवा. तरीही चौदा-सोळा तास लागू शकतात. लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाई-परळीच्या बाजूला मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात आंबील नेतात. ऐन थंडीतला सण, त्यामुळे तयारी आदल्या दिवशीच सुरू करावी लागते.

वर निवळ पाणी, बारीक बुडबुडे आणि स्वच्छ आंबूस वास, ही तयार झाल्याची खूण. रंगीत बुरशी किंवा कुजका वास आला, तर सगळं टाकून द्या. मीठ या टप्प्यावर घालू नका, आंबणं मंदावतं.

सकाळी भगुन्यात तीन वाट्या पाणी उकळा, भिजवण ढवळून त्यात बारीक धारेने सोडा आणि हाटत राहा. एकूण हिशेब एका भागाला आठ भाग पाणी असा झाला. आठ-दहा मिनिटांत कच्चा वास जातो. चुलीवर असताना ती पळीवाढ आणि जरा पातळच दिसली पाहिजे. ज्वारीचा स्टार्च गार होताना आणखी आळतो. पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. गरम आंबिलीत ताक फाटतं. शिवाय शिजताना आंबवणारे जीवाणू मरतात, तेव्हा पेल्यात जिवंत जीवाणू येतात ते या शेवटच्या ताकातूनच. ताक पॅकबंद असण्यापेक्षा घरचं असावं, हे माझं ठाम मत त्यामुळेच आहे.

दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानात ज्वारीच्याच पिठाचं ‘टिंग’ करतात. तिथेही आधीच्या आंबवणातलं थोडं नव्या पिठात मिसळायची रीत आहे. रोज आंबील करणार असाल, तर भिजवण उकळत्या पाण्यात सोडण्याआधी दोन चमचे वाटीत काढून ठेवा. रात्रीच्या पिठाला मग ताकाच्या विरजणाची गरज उरत नाही.