‘रोजची’ भाकर म्हणजे कोणती?

दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी विचारून पाहा, “बाबा, काळजी कसली?” तो म्हणेल, “आजचं भागलं, उद्याचं काय?” ख्रिस्ती धर्मग्रंथातील एका ग्रीक शब्दाचा वाद नेमका याच प्रश्नाभोवती फिरतो.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. तीत देवाकडे भाकर मागितली आहे आणि त्या भाकरीला ‘एपिऊसिओस’ असे विशेषण लावले आहे. मराठी बायबलात तिथे ‘रोजची’ असा शब्द आहे. पण ‘दररोज’ म्हणायला ग्रीकमध्ये साधे शब्द होते. लूकने ते याच वाक्यात वापरलेही आहेत. मग हा वेगळा शब्द कशाला? तिसऱ्या शतकातील पंडित ओरिजेन म्हणतो की, हा शब्द ना विद्वानांच्या ग्रंथांत आढळतो, ना लोकांच्या बोलण्यात. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा.

आता शब्द फोडून पाहू. ‘ऊसिया’ म्हणजे अस्तित्व. त्यावरून अर्थ निघतो, जगण्यापुरती भाकर. दुसरी फोड ‘एपिऊसा’ म्हणजे ‘येणारा दिवस’ या शब्दावरून. त्याप्रमाणे अर्थ होतो, उद्याची भाकर. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतर सुधारले, तेव्हा लूकमध्ये त्याने ‘रोजची’ हाच अर्थ ठेवला. मत्तयात मात्र ‘भौतिक द्रव्यापलीकडची’ अशा अर्थाचा शब्द योजला. एकाच माणसाने एकाच शब्दाचे दोन अर्थ केले!

पुढे 1889 साली इजिप्तमधील एका जुन्या पपायरसावरचा मजकूर छापला गेला. ती घरखर्चाची यादी होती आणि तीत हाच शब्द आहे असे वाटले. पंडितांना आनंद झाला. नंतर तो कागद हरवला. 1998 साली तो अमेरिकेतील येल विद्यापीठात पुन्हा सापडला. नीट वाचून पाहिले, तर तिथे शब्द होता ‘तेल’! म्हणजे कोडे होते तिथेच राहिले.

मत्तयाच्या त्याच अध्यायात येशू उद्याची चिंता करू नका असे सांगतो. मग उद्याची भाकर मागायची कशी? मला यात विरोध दिसत नाही. उद्याचं पीठ आज डब्यात असलं, की गरिबाच्या घरात रात्री सुखाची झोप लागते. चिंता मिटते ती अशी. साठा नको, पण उद्याची धास्तीही नको, एवढेच ते मागणे असावे.